शेवाळाचा रकाना

९ फेब्रुवारी

ही वही खरं तर माझी नाही, पाणीपुरवठ्याची आहे. पुठ्ठ्यावर यांच्या अक्षरात ‘टाकी क्रमांक दोन’ असं लिहिलेलं आहे. हे गेल्यावर टाकीवर नवी छापील वही आली, तेव्हा धाकट्या भाऊजींनी ही मला आणून दिली. यांच्या जागी आता तेच टाकीवर असतात. “दप्तरात ठेवायची गरज नाही म्हणाले, वहिनी. दादाचं अक्षर आहे, तुमच्याकडे असू द्या.” नऊ महिने ती कपाटावर पडून होती. आज धूळ झटकताना पाहिलं, तर अर्ध्याहून जास्त पानं कोरी. चांगला जाड कागद आहे. वाया का घालवायचा.

एका पानावर एक महिना. प्रत्येक पानाला चार रकाने: तारीख, पातळी, शेवाळ, शेरा. नदीचं पाणी आधी आमच्या घरामागच्या या उघड्या टाकीत येतं, निवळतं आणि मग फिल्टर हाऊसमध्ये जातं. एकतीस वर्षं यांनी रोज सकाळी भिंतीवरच्या पट्टीवर पातळी वाचली, दाताळ्याने शेवाळ ओढून काढलं आणि ते या रकान्यांत मांडलं. पातळी बदलायची. शेवाळाच्या रकान्यात मात्र कायम दोनच शब्द: ‘आहे. काढले.’

मी रकाने न बघता आडवं लिहिणार आहे. यांची पानं कपड्यांचे दोन चिमटे लावून बंद केली आहेत. वही उघडताना चुकून समोर यायला नकोत.

काय लिहायचं ते ठरलेलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. वाचनालयातली निम्मी कपाटं वाचून झाली. लिहिलं मात्र कधी नाही, वाण्याची यादी सोडून.

१३ फेब्रुवारी

लिहायला काहीतरी मिळालं. दुपारी भाऊजी एका मुलीला घेऊन आले. तिशी नुकतीच ओलांडलेली असेल. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संशोधन करते.

“काकू, तुमच्याकडे शेवाळ आहे असं कळलं.”

“माझ्याकडे नाही. टाकीत आहे.”

भाऊजी म्हणाले, “यांना तुम्हीच दाखवा वहिनी. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.” ते खरं आहे. एकतीस वर्षं जेवताना दुसरा विषय नव्हता. सवत असती तरी तिच्याबद्दल एवढं ऐकावं लागलं नसतं.

मी दाताळं घातलं आणि एक झुबका ओढला. तिने तो बोटांत चोळून पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला, की मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. “खरखरीत आहे,” ती म्हणाली. “सगळीकडे बुळबुळीत मिळत होतं.”

हे म्हणायचे, बुळबुळीत शेवाळ पाहुण्यासारखं असतं, आपलं आपण निघून जातं. खरखरीत मात्र घरचं असतं. मी तिला हे सांगितलं नाही. नुसती बादली भरून दिली.

२ मार्च

आठवड्यातून चार दिवस प्रयोगशाळेत जाऊ लागले. आधी बादली पोचवायला गेले. मग चष्मेवालीला शेवाळ धुता येत नाही हे बघवेना म्हणून धुवायला बसले. आता तिथे माझं स्वतःचं स्टूल आहे.

काम काय, ते मला कळलं तसं लिहून ठेवते. शेवाळाच्या प्रत्येक तंतूच्या भिंतीत सेल्युलोज असतं. कापसात आणि कागदात असतं तेच. पण या जातीत ते फार सरळ, फार घट्ट रचलेलं असतं. आधी सात पाण्यांनी धुवायचं. गाळ, किडे, गोगलगायींचे बारके शंख निवडून काढायचे. मग रंग उडवायच्या औषधात ठेवायचं, हिरवं जाऊन पांढरं होतं. मग सोड्याच्या पाण्यात, मग पातळ आम्लात उकळायचं, आणि मधल्या प्रत्येक वेळी पुन्हा धुवायचं. चष्मेवाली म्हणते, “विज्ञान म्हणजे ऐंशी टक्के भांडी घासणं, काकू.” म्हटलं, मग मी केव्हाची शास्त्रज्ञ आहे.

शेवटी मोठ्या मिक्सरमध्ये फिरवलं की दुधासारखं होतं. त्या दुधात जे धागे असतात ते एका केसाच्या जाडीत तीन हजार शेजारी शेजारी मावतील. हे ऐकून मी माझा एक केस उपटून उजेडात धरला. पांढरा होता.

हे दूध जाळीवर निथळून, दाबून वाळवलं की कागद होतो. त्याची भोकं इतकी बारीक की पाणी पलीकडे जातं, रोगजंतू अलीकडे राहतात. आणि यासाठी झाड तोडायला नको, शेत अडवायला नको. “उपसलं तरी परत येतं,” चष्मेवाली कौतुकाने सांगत होती. परत येतं, हे मला सांगायची गरज नव्हती.

भाऊजींना हे सगळं समजावलं. त्यांनी डोकं खाजवलं. “म्हणजे दादाने जन्मभर पाण्यातून शेवाळ काढलं, आणि तुम्ही आता शेवाळातून पाणी काढणार.”

१६ मार्च

आज बोलणी खाल्ली. चष्मेवालीकडे तुलनेसाठी लाकडाचाही लगदा असतो. त्या भांड्यावर झाकण ठेवायचं माझ्याकडून राहिलं आणि कडेचा लगदा वाळला. तिने तो खरवडून पाण्यात टाकला आणि म्हणाली, “आता आठ दिवस भिजवा, उघडणार नाही. धागे एकदा वाळून एकमेकांना चिकटले की संपलं.” मग भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: वाळू देऊ नका.

म्हणून शेवाळही नेहमी ताजं, ओलं आणायचं. साठवावं तर कुजतं. त्यामुळे लागेल तसं टाकीतून काढायचं, हीच आमची पद्धत.

२३ मार्च

मुलीचा फोन. जावई बरे, नात बरी. मग नेहमीचं.

“आई, ती उशी टाकलीस का?”

“कुठली?”

“कुठली काय. ती तळ्याचा वास येणारी.”

वास येत नाही. हवा दमट असली तर जरासा येतो. तीन वर्षांपूर्वी माझी मान धरली होती. डॉक्टर म्हणाले, कापसाची मऊ उशी नको. यांनी टाकीतलं शेवाळ धुऊन गच्चीवर वाळवलं आणि अभ्र्यात भरून शिवलं, स्वतःच्या हाताने, दाभणाने, पोतं शिवतात तसं. म्हणाले, “इतकी वर्षं याने पोटाला दिलं, आता मानेलाही देऊ दे.” मान आठ दिवसांत बरी झाली. मग ती उशी त्यांनीच घेतली. मला कापसाची परत केली. भांडण नको म्हणून मी बोलले नाही.

आता ती त्यांच्या बाजूला असते. मधोमध खळगा आहे. चादर बदलताना मी ती दोन्ही हातांनी सपाट धरून उचलते आणि तशीच परत ठेवते. मुलीला एवढंच सांगितलं, टाकते.

१८ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. कागद तडकत होते, दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. आज एक अखंड निघाला. तळहाताएवढा, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. चष्मेवालीने तो खिडकीसमोर धरला आणि आम्ही दोघी त्यातून बाहेरच्या झाडाकडे बघत उभ्या राहिलो. झाड नीट दिसतही नव्हतं.

मग तिने अवघड भाग सांगितला. सहा जूनला बाहेरून परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर एकाच घाण्याचे वीस कागद लागतील. पटले तर काम पुढे दोन वर्षं चालेल. नाही पटले तर ही खोली दुसऱ्या कुणाला देणार, आणि तिला गाशा गुंडाळावा लागणार.

“मग माझं स्टूल?” मी थट्टेत विचारलं.

“तेही जाईल,” ती म्हणाली. थट्टेत नाही.

हिशेब असा ठरला: मेच्या मध्यावर टाकीत शेवाळ सगळ्यात दाट असतं. सोळा मेला एकदाच भरपूर काढायचं. तोवर कागद दाबायच्या यंत्राची दुरुस्ती. इतकी वर्षं मी सोळा मेची वाट कधी पाहिली नव्हती. यंदा मध्ये चौदा येते, ती ओलांडून पाहते आहे.

१४ मे

आज यांना जाऊन वर्ष झालं.

सकाळी भाऊजी आले, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. म्हणाले, “वहिनी, जरा मागे चला. दाखवायचंय.” गेले. टाकी आरशासारखी. पाण्याच्या रेषेखाली भिंती घासून पांढऱ्या केलेल्या, कडेला चुन्याची किनार, तळ दिसत होता. मी यांच्याबरोबर या घरात एकतीस वर्षं राहिले, तळ कधी पाहिला नव्हता.

“आठ दिवस खपतोय. तुम्ही प्रयोगशाळेत असायचात तेव्हा. तुमच्या बादल्याही थांबल्या होत्या, म्हटलं तिथलं भागलं असेल. साहेबांकडून मोरचूद मंजूर करून घेतला, पाणी उपसलं, चार माणसं लावून घासलं. मेलेलं सगळं खड्ड्यात पुरून वर चुना टाकला. आता सहा महिने शेवाळ धरणार नाही.” त्यांनी कडेच्या चुन्यावरून हात फिरवला. “दादाचं काम राहिलं होतं, वहिनी. एकतीस वर्षं पुरं झालं नाही ते. म्हटलं, आज पुरं करू.”

सोळा तारखेचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. वाटलं, टाकी काय, शेवाळ काय, कुठे जाणार आहे.

“छान केलंत,” मी म्हणाले. त्यांनी वाकून नमस्कार केला. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत चुना होता.

१५ मे

चष्मेवालीला सांगितलं. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, “त्यांना रागावू नका, काकू.” मी कुठली रागावते.

भाऊजींना तिच्याकडूनच कळलं. संध्याकाळी दारात उभे राहिले, आत येईनात. “मला एक शब्द बोलायचा होतात वहिनी.” म्हटलं, तुम्हीही एक शब्द बोलायचा होतात. मग दोघांनी चहा घेतला. कोण कुणाची समजूत काढत होतं, सांगता येणार नाही.

१९ मे

भाऊजींनी सायकलवरून चार दिवसांत अकरा तळी पालथी घातली. डबे भरभरून आणतात. मी बोटांत चोळते आणि मान हलवते. बुळबुळीत. त्या जातीत हवं तसं सेल्युलोज नसतं.

आजचा शेवटचा डबा त्यांनी माझ्या हातात दिलाच नाही. स्वतःच चोळून पाहिला आणि गटारात ओतला.

२१ मे

चष्मेवालीने मला वाचायला लेखांचा गठ्ठा दिला होता, महिन्यापूर्वी. “कंटाळा आला की बघा.” परकी भाषा, शब्दकोश घेऊन मी दिवसाला अर्धं पान वाचते. आज आमच्या जातीच्या शेवाळाबद्दलचा लेख होता. चौथ्या पानावर एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा लागतो: या शेवाळाचे धागे मुळातच इतके घट्ट बांधलेले असतात, की वाळवले तरी लाकडाच्या धाग्यांसारखे एकमेकांना चिकटत नाहीत. पाणी घातलं की परत सुटे होतात. वाळलेलं कित्येक वर्षं ठेवता येतं.

मी सातवी शिकलेली. मला नीट कळलं नसेल. चष्मेवाली एवढी शिकलेली, तिने फळ्यावर लिहिलंय ते काय उगाच.

२२ मे

काही विशेष नाही. चादरी धुतल्या.

२३ मे

ते वाक्य पुन्हा वाचलं. लेखाची भाषा अवघड आहे. शिवाय हे त्यांनी त्यांच्या देशातल्या शेवाळावर केलेलं आहे. आपल्याकडचं वेगळं असू शकतं. पाणी वेगळं, ऊन वेगळं.

चष्मेवाली लाकडावर शिकलेली आहे. लगदा वाळू द्यायचा नाही हे तिच्या हाडात बसलंय. लेख तिने चाळला असेल, वाचला नसेल. पण ते तिचं काम आहे. माझं काम धुण्याचं.

२५ मे

भाऊजी येऊन बसले होते. बोलता बोलता म्हणाले, “दादा गच्चीवर शेवाळ वाळवायचा, आठवतं? ते कुठे असेल का हो? सुकं चालत नाही म्हणतात, पण विचारून बघितलं असतं.”

मी म्हणाले, “नाही. काही ठेवलेलं नाही.”

“माळ्यावर बघू?”

“भाऊजी, नाही म्हटलं ना.”

इतका आवाज मी त्यांच्यावर चौदा तारखेलाही चढवला नव्हता. ते उठून गेले. त्यांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. मी खोटं बोलले. ते वाक्य मला पहिल्याच दिवशी नीट कळलं होतं.

२६ मे

प्रयोगशाळेत चष्मेवाली बरण्या कागदात गुंडाळत होती. परीक्षकांना कळवायचं पत्र मेजावर होतं, सही व्हायची होती. मी माझ्या स्टुलावर बसून बरण्या पुसून देत होते. मग ती म्हणाली, “काकू, तुम्ही पुढे काय करणार?”

म्हटलं, “घरीच. आहेत की कामं.”

कुठली कामं, ते तिने विचारलं नाही. मीच घरी येताना मोजायला लागले. वाचनालय. वाण्याची यादी. मुलीचा फोन. उशी उचलायची आणि परत ठेवायची.

२७ मे

सकाळी स्वयंपाकघरात खाली सतरंजी घातली, त्यावर जुनी चादर. उशी मांडीवर घेतली. यांची शिवण भयंकर. दुहेरी दोरा आणि बोटभर अंतरावर गाठी. पंधरा वर्षं धरणाचं पाणी अडवायचं असल्यासारखी. अभ्रा फाटू नये म्हणून एकेक गाठ उसवली. पाऊण तास लागला.

शेवटची गाठ सुटली आणि खळगा गेला. वाटलं होतं, जरा वेळ राहील.

आत करडं-हिरवं, खरखरीत, लोकरीसारखं. कुबट वास नाही. पिंजून पसरलं. मधूनमधून गोगलगायींचे शंख निघाले, मोहरीएवढे. म्हणजे निवडलं नव्हतं नीट. दोन वर्षं हे मानेखाली शंख घेऊन झोपले आणि म्हणायचे काय, तर तुझ्या कापसापेक्षा शंभरपट बरी. मला एकदम हसू आलं. बराच वेळ हसत होते. मग पदराने तोंड पुसलं.

पिशवी घेऊन प्रयोगशाळेत गेले. लेखातलं ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून वर ठेवलं होतं. “आधी हे वाच, मग पिशवी उघड.”

तिने वाचलं. दोनदा वाचलं. कपाळाला हात लावला. “काकू, हे माझ्याच टेबलावर होतं.” मग पिशवी उघडून आत हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. “कुठून आणलंत?”

“घरी होतं.”

“इतके दिवस?”

“हो.”

ती आणखी काही विचारणार होती. मग तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, डोक्यावरचाही काढला, आणि दोन्ही मेजावर ठेवले. “नमुन्याच्या वहीत कुठून घेतलं ते लिहावं लागतं.”

“टाकी क्रमांक दोन.”

“काढल्याची तारीख?”

म्हटलं, उद्या सांगते.

२८ मे

चिमटे काढले.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च शोधला. रोज ‘आहे. काढले.’ शेऱ्याचा रकाना कोरा, महिनेच्या महिने कोरा. मग अकरा ते चौदा मार्च, चार ओळी, शेऱ्यात: ‘घरी नेले. मानेसाठी.’ चारही दिवस तेच, पूर्ण लिहिलेलं, ‘वरीलप्रमाणे’ सुद्धा नाही. खाली महिनाअखेरची साहेबांची सही. साहेबांनी वाचलं असेल, तर पाणीपुरवठ्याच्या कुठल्या नळाला मान असते असं त्यांना वाटलं असेल, कोण जाणे.

मग पुढची पानंही वाचली. एकेक ओळ, बोट ठेवून. गेल्या वर्षीच्या मेपर्यंत आले. तेरा तारखेला पातळी आठ फूट अकरा इंच. ‘आहे. काढले.’ चौदाच्या ओळीत फक्त तारीख. तारीख ते आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे.

प्रयोगशाळेत जाऊन तारीख सांगितली. चष्मेवालीने लिहिली. “आणि साठवण कशात केली होती? तेही लागतं.”

“कापडी पिशवीत,” मी म्हणाले. अभ्रा म्हणजे पिशवीच.

३१ मे

आज कळायचं होतं. रंग गेला, सोडा झाला, आम्ल झालं. धुतलेला लगदा मिक्सरमध्ये घातला. लाकडाचा वाळलेला लगदा कितीही फिरवा, तळाशी कणी बसते. आम्ही दोघी भांड्यात वाकून बघत होतो. भाऊजी दाराशी उभे. त्यांना मी सकाळीच बोलावलं होतं. माळ्याबद्दलची माफीही मागितली. ते म्हणाले, “कसली माफी? मला ऐकूच आलं नव्हतं.” शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल.

दहा मिनिटं फिरवलं. काचेच्या नळीत ओतून उभं ठेवलं. कणी बसेना. पाव तास, अर्धा तास. दूध ते दूधच.

“उघडलं,” चष्मेवाली म्हणाली. आवाज अगदी बारीक.

मी तळाशी पुन्हा एकदा पाहिलं. काही नव्हतं.

३ जून

वीस हवे होते. तेवीस झाले. मुलीचा फोन आला, उशी टाकलीस का म्हणून. म्हटलं, टाकली नाही, पण आता घरात नाही. ती म्हणाली, “बरं झालं बाई.” मी म्हणाले, “हो. झालं.”

६ जून

परीक्षक तिघे होते. टाकी क्रमांक दोनचं पाणी घेऊन त्यात प्रयोगशाळेतले निरुपद्रवी जंतू मोजून मिसळले आणि एकेका कागदातून गाळलं. वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगवेगळ्या बश्यांत ठेवून ते घेऊन गेले. निकाल आठ दिवसांनी.

जाताना त्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, “कच्चा माल तीन वर्षं जुना, वाळलेला, आणि तरी एवढा चांगला टिकला. दडपून ठेवला होता का?”

चष्मेवाली माझ्याकडे न बघता म्हणाली, “हो. रोज थोडा वेळ वजन असायचं.”

मी तिला काही सांगितलं नव्हतं. पण दोन तारखेला ती घरी आली होती, माझं अंग मोडून आलं होतं म्हणून, आणि आतल्या खोलीत पाणी द्यायला गेली होती. तिथे पलंगावर एकच उशी होती आणि दोरीवर अभ्रा वाळत होता. असो.

१५ जून

पत्र आलं. वरच्या बश्यांत जंतूच जंतू, खालच्या वीसपैकी एकोणीस स्वच्छ. एका कागदाला टाचणीएवढं भोक होतं. परीक्षकांनी लिहिलंय, समाधानकारक. काम दोन वर्षं चालणार.

चष्मेवालीने फळ्यावरचं ‘वाळू देऊ नका’ पुसलं नाही. त्याखाली लिहिलं: फक्त लाकूड.

उरलेल्या तीन कागदांपैकी एक तिने मला दिला. काय करायचं कळेना. घरी येऊन तो वहीत ठेवला, मेच्या पानावर, चौदाच्या ओळीवर. खालची तारीख धुक्यातून दिसावी तशी दिसते.

२९ जून

सकाळी सातला भाऊजींनी मागच्या दारावर थाप मारली. चेहरा गुन्हेगारासारखा.

“वहिनी, टाकीतल्या शिडीच्या पाण्याखालच्या पहिल्या पायरीला धरलंय. आतल्या बाजूने. तिथे ब्रश पोचला नव्हता.”

गेले. गुडघ्यावर बसून हात घातला. बोटभर लांब झिपऱ्या. चोळून पाहिल्या. खरखरीत.

भाऊजी दाताळं घेऊन उभे होते, सवयीने. “नवीन वहीत शेवाळाचा रकानाच नाही. काय करू? काढू का?”

मी उठून पट्टीवर पातळी वाचली. ती कशी वाचायची हे मला येतं, याचं त्यांना नवल वाटलं. घरी आले, वही उघडली. आज रकान्यांतच लिहिते.

तारीख: २९ जून. पातळी: नऊ फूट चार इंच. शेवाळ: आहे. शेरा: राहू दिले.